नैसर्गिक नाक

सकाळी मालकांनी नाकोबाला केबिनमध्ये बोलावलं आणि स्वतः उठून खुर्ची पुढे सरकवली. मालक आपण होऊन कुणाला खुर्ची देतात, हे त्या कोल्ड स्टोरेजमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे नाकोबा बसला, पण निम्माच बसला.

"उद्या समिती येतेय," मालक म्हणाले. "आपल्याला आदर्श ठरवायचं चाललंय त्यांचं. आणि नाकोबा, त्यांना तुमचं नाक बघायचंय."

नाकोबाचा चेहरा खर्रकन उतरला. मालकांना वाटलं, गडी भारावून गेला. त्यांनी त्याच्यासाठी चहासुद्धा मागवला, आणि मग मात्र प्रकरण गंभीर आहे याबद्दल नाकोबाच्या मनात शंका उरली नाही.

मालक आदर्श कसे झाले, हीसुद्धा एक गंमतच आहे. त्यांच्याकडे सफरचंदं ठेवली जातात, आणि ती थंड ठेवणारी यंत्रं त्यांच्या आजोबांच्या काळापासून अमोनियावर चालतात. अमोनिया म्हणजे नाकात शिरला की थेट मेंदूला झिणझिण्या आणणारा वायू. आजूबाजूच्या गोदामवाल्यांनी मध्यंतरी बिनवासाच्या गॅसची नवी कोरी यंत्रं बसवली आणि मालकांना यथेच्छ हसून घेतलं. मालकांनाही तसली यंत्रं हवी होती, पण खिशात घातलेला हात बाहेर काढायची वेळ आली की त्यांना काही ना काही काम आठवायचं. आज घेऊ, उद्या घेऊ करता करता कळलं की तो बिनवासाचा गॅस वर जाऊन ओझोनच्या थराची चाळण करतो. शेजाऱ्यांनी यंत्रं उपटून दुसऱ्या गॅसची बसवली. मग कळलं की हा दुसरा चाळण करत नाही, पण पृथ्वी तापवतो. शेवटी जाणकार म्हणू लागले की निसर्गात मुळातच असलेले वायू वापरावेत, आकाशालाही त्रास नाही आणि पृथ्वीलाही, आणि त्यात अमोनियाचं नाव अगदी वर होतं. मालक जागचे हलले नव्हते, तरी सगळ्यांच्या पुढे जाऊन उभे राहिले होते. शीतकरण संघाच्या मासिकात त्यांच्या दूरदृष्टीवर लेख आला. तो त्यांनी टेबलाच्या काचेखाली, पाहुण्याला सुलटा दिसेल असा ठेवला.

अमोनियाचा एक दोष आहे. गळला तर तो माणसाला आणि सफरचंदाला सारखाच भारी पडतो. पण त्याच्यात एक प्रामाणिकपणाही आहे. गळायला लागला की वासाने स्वतःची चुगली स्वतःच करतो. बाकी ठिकाणी ही चुगली ऐकायला भिंतीवर यंत्रं लावलेली असतात. मालकांनी ती लावली नव्हती, कारण त्यांच्याकडे नाकोबा होता.

नाकोबा मशीनरूमचा फोरमन. कॉम्प्रेसरच्या घरघरीतून फिरता फिरता तो एकदम थांबायचा, हात वर करायचा, मान जराशी तिरकी करायचा आणि सांगायचा, "वरचा पाइप, खिडकीकडचा जोड." शिडी लावून जोडावर साबणाचा फेस लावला की तिथेच बुडबुडे उठायचे. मालक पाहुण्यांना आधी सफरचंदं दाखवत आणि मग नाकोबा दाखवत. नाकोबालाही ते आवडत असे. लहानपणापासून ज्या नाकावरून लोक चिडवत आले, त्याच नाकाची चारचौघांत तारीफ व्हायला लागली, तर कुणाला आवडणार नाही?

अडचण एवढीच होती की गेल्या वर्षीच्या तापानंतर त्या नाकाला कशाचाच वास येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले होते, येईल, किंवा नाही येणार. हे निदान नाकोबाने स्वतःपाशीच ठेवलं. मालकांना सांगितलं, तर ते दोन शब्द गोड बोलून घरी पाठवतील, हे त्याला ठाऊक होतं. मशीनरूम सोडून घरी बसायचं म्हणजे काय करायचं, या प्रश्नाने त्याची झोप उडायची. खरं तर तो घाबरला होता. नुसता फोरमन गेला तर दुसरा मिळतो, पण नाक गेलेल्या नाकोबाला लोक कोणत्या तोंडाने नाकोबा म्हणतील?

घरीही सांगायची सोय नव्हती. पूर्वी तो उंबऱ्यातूनच हाक द्यायचा की कांदा जास्त परतलाय, भाजी कालची आहे, तेल जुनं वापरलंस. बायको स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची, ते मात्र इथे लिहिण्यासारखं नसायचं. ताप उतरल्यापासून त्याला काहीच कळेना. मग चोरी पकडली जाऊ नये म्हणून तो ताटात जे येईल ते खायचा आणि "छान झालंय" म्हणायचा. त्या दोन शब्दांनी घराचं रूपच पालटलं. बायको काम करता करता गुणगुणायला लागली, त्याच्या शर्टांना आपण होऊन बटणं लावायला लागली. आता हिला कुठल्या तोंडाने सांगायचं की हे कौतुक नव्हतं, आजारपण होतं?

कामावर त्याने एक तोड काढली होती. आवक-जावक बघणाऱ्या एक बाई ऑफिसात होत्या. त्यांना सगळे आवकबाई म्हणत. चष्मा, वक्तशीरपणा आणि कमी बोलणं यांसाठी त्या प्रसिद्ध होत्या. पण त्यांचं नाक किती तिखट आहे, हे एकट्या नाकोबाने हेरलं होतं. अमोनियाची जराशी झुळूक आली की त्यांचं नाक आक्रसायचं, आणि झुळूक ज्या बाजूची असेल त्या बाजूची नाकपुडी आधी वर जायची. नाकोबा रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हणायचा, "बाई, तापमानाचे आकडे बघायला येता जरा?" बाई यायच्या. मशीनरूममधून दोघं सावकाश चालायचे. बाईंची नाकपुडी हलली की नाकोबा हात वर करायचा, मान तिरकी करायचा आणि सांगायचा, "डावीकडचा व्हॉल्व." बाई रजेवर असल्या की मात्र बिचारा दिवसभर एकेका जोडाला फेस लावत हिंडायचा.

एक पुरुष आणि एक बाई रोज दोनदा मशीनरूममधून सावकाश चालतात, आणि पुरुष सगळा वेळ बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघतो, हे पॅकिंग हॉलमधल्या बायकांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तो फक्त नाकाकडे बघतो, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी त्यांना पटलं नसतं. वॉचमन तर दोघं आत गेले की उगाचच खाकरायचा आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहायचा.

आणि आता समिती येणार होती. मालकांनी सगळं समजावून सांगितलं. समितीतल्या तज्ज्ञ बाई प्लँटमध्ये कुठेतरी अमोनियाच्या पाण्यात भिजवलेला कापूस एका उघड्या बाटलीत ठेवणार. एकीकडे त्यांचं यंत्र, दुसरीकडे नाकोबाचं नाक. नाकोबाने बाटली शोधली की समिती खूश. "नाही शोधलीत, तर मग मला ती भिंतीवरची यंत्रं घ्यावी लागतील," मालक म्हणाले. "आणि यंत्रं घेतली की तुम्हाला आराम." आराम हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की नाकोबाच्या अंगावर काटा आला.

तो तडक आवकबाईंकडे गेला आणि परीक्षेच्या वेळी आपल्याबरोबर चालायची गळ घालायला लागला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"नाकोबा, मी स्पष्टच विचारते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनात काय आहे?"

नाकोबाने इकडेतिकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. तापापासून नाकपुडीपर्यंत. बाई ऐकत होत्या. आधी त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला, आणि मग सुटकेच्या मागोमाग थोडी नाराजीही आली. वर्षभर हा माणूस आपल्याकडे असा बघतो, ते कसं थांबवावं याचा त्या रात्रंदिवस विचार करत होत्या. थांबवायला काही नव्हतंच, हे कळल्यावर माणसाला जरा रिकामं वाटतंच. "म्हणजे फक्त नाक," त्या म्हणाल्या. नाकोबा मनापासून म्हणाला की असं नाक लाखात एखाद्याचंच असतं. बाईंनी पेन पुन्हा उचललं आणि त्या तयार झाल्या. वास आला की त्या चष्मा काढून पुसणार, असं ठरलं.

नाकोबा हलक्या पावलांनी फाटकापर्यंत गेला. तिथे वॉचमनने त्याला बाजूला घेतलं आणि हळहळत सांगितलं की वहिनींच्या कानावर तुमचं आणि आवकबाईंचं गेलंय, उद्याच्या परीक्षेचंसुद्धा. कसं गेलं, ते काही त्याला ठाऊक नव्हतं. फक्त त्याची स्वतःची बायको दुपारी दुकानात त्यांना भेटली होती, एवढंच.

त्या संध्याकाळी नाकोबा घरी गेला. बायको काहीच बोलली नाही. भांडी आपटली नाहीत, मुकाट्याने वाढलं. ती चिडली की काय करते हे त्याला माहीत होतं, पण गप्प बसली की काय करते, याचा अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता. त्याने पहिला घास खाल्ला आणि सवयीने म्हणाला, "छान झालंय."

बायको त्याच्याकडे बघून हसली. "उद्या ती परीक्षा किती वाजता आहे?" तिने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"सहज," ती म्हणाली, आणि ताटं उचलून आत गेली. नाकोबाला रात्रभर तिचं हसणंच दिसत राहिलं.

समिती वेळेवर आली. तज्ज्ञ बाई बारीक, तरतरीत आणि चौकस होत्या. बरोबरचे दोन गृहस्थ त्या थांबल्या की थांबत आणि चालल्या की चालत. मालकांनी आपल्या दूरदृष्टीबद्दल छोटंसं भाषण केलं. आपण अमोनियाला कधीच अंतर दिलं नाही, हे सांगताना त्यांनी छातीवर हात ठेवला. तज्ज्ञ बाईंनी ते ऐकून घेतलं, मग एकट्याच आत जाऊन बाटली ठेवून आल्या. आधी नाक, यंत्राची पाळी नंतर, असं त्यांनी सांगितलं.

नाकोबा मशीनरूमच्या दारात उभा होता. शेजारी आवकबाई चष्म्याच्या दांडीला हात लावून तयार होत्या. तेवढ्यात फाटकातून नाकोबाची बायको आत आली. चांगले कपडे घातलेले, चालणं ठाम. आवकबाईंनी नाकोबाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पॅकिंग हॉलच्या दारात जमलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि "पेट्या मोजायच्या राहिल्यात" असं पुटपुटत खुंटीवरचं जाड जॅकेट ओढून दोन नंबरच्या कोल्ड रूममध्ये शिरल्या. दार आतून लागलं.

मालक मात्र खूश झाले. "अरे वा, वहिनीही आल्या," म्हणत त्यांनी तिला मोठ्या मानाने समितीच्या बरोबरीने चालायला सांगितलं. ती नाकोबाच्या बरोबर मागे येऊन उभी राहिली.

परीक्षा सुरू झाली. पुढे नाकोबा, मागे बायको, तिच्यामागे समिती आणि शेवटी मालक. आत शिरताच उजव्या हाताला गमबुटांची रांग होती. नाकोबा तिच्यापाशी आला, आणि बायको खोकली.

साधा खोकला नव्हता. घसा खरवडून काढलेला, मुद्दाम केलेला खोकला होता. सगळ्यांसमोर तोंड उघडायच्या आधी ही इशारा देतेय, असं नाकोबाला वाटलं. त्याने पावलं उचलली आणि कॉम्प्रेसरकडे सटकला. तिथे हात वर करून, मान तिरकी करून त्याने थोडा वेळ काढला. मग काही न सुचून तो वळला, आणि वळून परत गमबुटांपाशी आला.

बायको पुन्हा खोकली. या वेळी जास्त जोरात, आणि वर पायही आपटला. तज्ज्ञ बाईंनी तिला पाणी हवंय का विचारलं. तिने मानेनेच नको सांगितलं, पण डोळे नाकोबाच्या पाठीवर रोखलेले होते. नाकोबाला ते न बघताही जाणवत होते. तो पाइपांच्या खालून वाकून पलीकडे गेला, पंपामागे शिरला, पाण्याच्या टाकीभोवती फिरला. पण मशीनरूमला दार एकच, आणि दाराशी गमबूट. कुठूनही निघालं तरी वाट तिथेच येऊन मिळत होती. तिसऱ्यांदा तो तिथे पोचला तेव्हा बायको इतकी खोकली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मालक तिची पाठ थोपटावी की नाही या विचारात हात अधांतरी धरून उभे राहिले.

नाकोबा थांबला. त्याने मागे वळून पाहिलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं, चेहरा लाल झाला होता. नोकरी गेली तर गेली, नाक गेलंच आहे, पण हिने आयुष्यभर आपल्याबद्दल भलतंच धरून बसू नये, असं त्याला वाटलं.

"रडू नकोस," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "त्या बाईंचं आणि माझं काही नाही. मला वास येत नाही. गेल्या वर्षीच्या तापापासून अजिबात येत नाही. वास त्या घेतात, मी फक्त हात वर करतो. म्हणून त्यांना बरोबर नेत होतो, आणि कालपर्यंत हे त्यांनाही ठाऊक नव्हतं."

दाराशी जमलेल्या बायकांची निराशा स्पष्ट दिसत होती. मालकांच्या चेहऱ्यावरून आदर्शपण हळूहळू ओसरत होतं.

"ते मला माहीत आहे," बायको म्हणाली.

"माहीत आहे? मग तू आलीस कशाला?"

"खोकायला," बायको म्हणाली. "तिकडे बघा, त्या तिसऱ्या बुटात. आल्यापासून डोळे चुरचुरताहेत माझे. किती वेळा सांगायचं माणसाला?"

तज्ज्ञ बाईंनी वाकून गमबुटातून बाटली बाहेर काढली. दोन गृहस्थांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, पण तज्ज्ञ बाईंकडे बघून खाली घेतले. त्या मालकांकडे वळल्या. अमोनिया नैसर्गिक आहे, म्हणून निष्काळजीपणा नैसर्गिक ठरत नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. अख्खा प्लँट वर्षभर एका बाईच्या नाकपुडीवर चालला आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता, याला त्या दूरदृष्टी म्हणू शकत नव्हत्या. भिंतीवर गळती ओळखणारी यंत्रं लागेपर्यंत आदर्श वगैरे विसरायचं.

मालकांनी घाम पुसला. मग त्यांचं लक्ष नाकोबाच्या बायकोकडे गेलं आणि डोळ्यांत आशेची एक बारीकशी तिरीप आली.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही सकाळच्या मोकळ्या असता का?"

तज्ज्ञ बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मालकांनी तिथल्या तिथे यंत्रं घ्यायचं कबूल केलं. कबूल केल्यावर ते नाकोबाकडे वळून आरामाबद्दल बोलायला लागले, तेव्हा तज्ज्ञ बाईंनी मध्येच विचारलं की यंत्र ओरडलं तर कुठला व्हॉल्व बंद करायचा, याचा नकाशा कुठे आहे. नकाशा नव्हता. आजोबांच्या काळात कुणी काढला नव्हता, आणि पुढे काढून घ्यायचा तर काढणाऱ्याला काहीतरी द्यावं लागलं असतं. कुठला पाइप कुठून कुठे जातो, ते एकट्या नाकोबाला माहीत होतं. मालकांनी छताला टांगलेल्या पाइपांवर एकदा नजर फिरवली. शेवटी म्हणाले की नाकोबांनी इतक्यात आराम करण्यात अर्थ नाही. त्या काटकसरीपायी आपली नोकरी वाचली, हे नाकोबाच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

याच सुमाराला दोन नंबरच्या कोल्ड रूमचं दार उघडलं आणि आवकबाई दात कडकडा वाजवत बाहेर आल्या. नाक चोंदलं होतं. त्यांनी घाईघाईने चष्मा काढून पुसला आणि नाकोबाकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. त्यांना वाटलं, परीक्षा अजून चालूच आहे. नाकोबाच्या बायकोने पुढे होऊन त्यांचे गार हात आपल्या हातात धरले आणि त्यांना चहा प्यायला घेऊन गेली. पॅकिंग हॉलमधल्या बायकांनी तेही लक्षपूर्वक पाहिलं, पण त्यातून काही निघेना.

संध्याकाळी नवरा-बायको चालत घरी निघाले. नाकोबाला हलकं वाटत होतं आणि ओशाळंही वाटत होतं, आणि यातलं आधी काय बोलावं ते ठरत नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"तापातून उठलात त्याच आठवड्यात कळलं. दूध तळाला लागून काळं झालं होतं. टाकून देणार होते, तोवर तुम्ही पेला घेऊन बसलात. सगळं प्यायलात आणि म्हणालात, छान झालंय."

नाकोबा रस्त्यातच थांबला. "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

बायकोही थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, समोर रस्त्याकडे पाहिलं.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा म्हणालात," ती म्हणाली. "मध्येच कसं टोकणार?"